हिरवं दिसलं म्हणजे जीन चालू, असं नसतं

रात्रीच्या लाटा निळ्या चमकतायत असा कुठल्यातरी किनाऱ्यावरचा व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर आला की कोणीतरी मला टॅग करतंच, "हे तुमच्या लॅबचंच ना गो?" नाही हो, त्या चमकेशी आमचा काही संबंध नाही. ते समुद्रातले डोळ्याला जेमतेम दिसतील इतके बारीक जीव, नोक्टिल्यूका वगैरे, पाणी हललं की ते स्वतःच्या शरीरात रसायन वापरून स्वतः उजेड करतात, आणि काजव्याचंही साधारण तेच. ते बायोल्युमिनसन्स. आम्ही करतो ते फ्लुओरेसन्स, म्हणजे आमच्या लॅबमधला मासा आपणहून काही करत नाही, त्याच्यावर निळा लाइट टाकला की तो हिरवा परत देतो आणि लाइट बंद केला की मासापण बंद. एवढं लिहून मी सोडून देते, पण मग आते विचारते की लाइट टाकून बघता तरी काय, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर मावत नाही. म्हणून इथे लिहिते.

बघतो ते जीन चालू आहे की बंद. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए तोच, डोळ्यात तोच आणि यकृतातही तोच, फरक कशात तर त्यातलं कुठलं पान, म्हणजे कुठला जीन, कुठे उघडून वाचलं जातंय ह्यात. जीन वाचला, त्याची आरएनए नावाची कामापुरती नक्कल झाली, त्यापासून प्रोटीन झालं, ह्याला जीन एक्स्प्रेशन म्हणतात. आता हे बघायची जुनी आणि अजूनही चांगली पद्धत म्हणजे प्राणी मारायचा, केमिकलमध्ये फिक्स करायचा आणि आरएनए जिथे असेल तिथे रंग चढवायचा. माशाच्या भ्रूणावर हे करायला तीनेक दिवस जातात. रंग सुंदर येतो, पण तो एका क्षणाचा फोटो असतो, दहा वाजता मारलेला मासा अकरा वाजता काय करणार होता ते तुम्हाला कधीच कळत नाही, अकरा वाजताचा मासा वेगळा असतो. मग तुम्ही दहाचा, अकराचा, बाराचा असे वेगवेगळे मासे ओळीने लावून त्यातून गोष्ट बनवता, आणि ती गोष्ट बहुतेक वेळा खरीही असते, पण ती एका माशाची नसते.

जिवंत प्राण्यात बघायचं तर आड वाट धरावी लागते. आमच्या फोंड्याच्या घरी विहिरीचा पंप पार मागे कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, टोकाला आहे, पंप चालू आहे का ते स्वयंपाकघरातून ना दिसतं ना ऐकू येतं, म्हणून बाबांनी त्याच स्विचवर आत एक छोटा बल्ब जोडून घेतलाय. पंप चालू की बल्ब चालू. रिपोर्टर जीन म्हणजे एवढंच. ज्या जीनवर लक्ष ठेवायचं त्याच्या पुढचा डीएनएचा तुकडा, ज्याला प्रमोटर म्हणतात, तो स्विच, आणि त्या स्विचची एक कॉपी घेऊन तिला मूळ जीनच्या जागी चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन जोडायचा. पेशी जेव्हा मूळ जीन चालू करेल तेव्हा हापण चालू होईल. पण लक्षात ठेवा, आपण बल्ब बघतोय, पंप नाही. पुढचं सगळं रामायण ह्याच एका गोष्टीचं आहे.

हा बल्ब आला कुठून ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ओसामू शिमोमुरा नावाचे जपानी केमिस्ट, नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा सोळा वर्षांचे, थोड्याच अंतरावरच्या गावात होते, त्या लखलखाटानं डोळ्यांपुढे अंधारी आली होती म्हणे. ते अमेरिकेत गेले आणि १९६१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला एक्वोरिया व्हिक्टोरिया नावाची जेलीफिश पकडत बसले. चमक कशामुळे येते ते काढायचं होतं आणि निघत नव्हतं. शेवटी अ‍ॅसिड घालून चमक थांबवली, गाळली, काम झालं आणि उरलेलं सिंकमध्ये ओतलं, तर सिंकमध्ये मत्स्यालयाचं समुद्राचं पाणी वाहत येत होतं, त्यात पडताक्षणी भक्कन निळा उजेड! समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम. त्यातून एक्वोरिन हे प्रोटीन मिळालं. आणि १९६२ च्या त्याच पेपरात, जवळजवळ जाता जाता, त्यांनी सांगितलं की सोबत आणखी एक प्रोटीन मिळालंय जे हिरवं चमकतं. तेच जीएफपी, ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन. जेलीफिशमध्ये एक्वोरिन निळी ऊर्जा तयार करतं आणि ती जीएफपीकडे देतं, म्हणून प्राणी हिरवा दिसतो. पुढे कित्येक उन्हाळे बायको-मुलांना घेऊन जाळ्या हातात धरून त्यांनी एकूण साडेआठ लाखांच्या आसपास जेलीफिश गोळा केल्या. (आपल्याकडे रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, जेलीफिश आल्या की लोक शिव्या घालतात.)

मग वर्षानुवर्षं काहीच नाही. डग्लस प्रॅशर नावाच्या माणसानं अमेरिकेतल्या वुड्स होलच्या संशोधन संस्थेत बसून त्या प्रोटीनचा जीन वेगळा काढला, १९९२ ला छापला, आणि त्याचं फंडिंग संपलं. त्यानं काय केलं तर जीनच्या कॉप्या मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन ह्या दोघा शास्त्रज्ञांना पाठवून दिल्या. चाल्फीच्या लॅबनं १९९४ मध्ये तो आधी बॅक्टेरियात आणि मग सी. एलिगन्स ह्या पारदर्शक जंतात घातला, जंताच्या स्पर्श ओळखणाऱ्या न्यूरॉन्समध्ये, आणि ते न्यूरॉन जिवंत जंतात हिरवे दिसले. ह्यात धक्का असा होता की जेलीफिशचं दुसरं काहीच लागलं नाही. २३८ अमिनो आम्लांची साखळी, ती डब्यासारखी गुंडाळते, आणि आत ६५, ६६, ६७ नंबरची अमिनो आम्लं आपसात जुळून स्वतःच रंगद्रव्य बनवतात. फक्त ऑक्सिजन हवा. त्सिएननं त्यात बदल करकरून ते जास्त तेजस्वी केलं, निळं, पिवळं केलं, नंतर प्रवाळाच्या नातलगाकडून आलेल्या लाल प्रोटीनवर काम करून एमचेरी, एमप्लम अशी फळांची नावं दिलेला अख्खा संच काढला. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी, त्सिएन तिघांना. प्रॅशर त्या वेळी अलाबामात एका गाड्यांच्या शोरूमच्या गिऱ्हाइकांना व्हॅननं ने-आण करत होता. चाल्फी आणि त्सिएननं त्याला स्टॉकहोमला बोलावलं आणि नंतर तो त्सिएनच्या लॅबमध्ये कामालाही लागला, हे खरं, पण मला अजून ही गोष्ट नीट पचलेली नाही.

असो. आमच्याकडे झेब्राफिश. बोटाच्या दोन पेरांएवढा पट्ट्यापट्ट्यांचा मासा, भारतातलाच, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात सहज मिळतो. घरी कोणी आलं की पहिला प्रश्न ह्याचं हुमण, म्हणजे कालवण, होतं का. होत नाही. त्याचं कौतुक असं की अंडी शरीराबाहेर फळतात आणि भ्रूण काचेसारखा आरपार. सकाळी टाकीवरचे लाइट लागले की जोडी अंडी देते आणि तिथून घाई सुरू, कारण पाऊण तासात पहिली पेशी दुभंगते, त्याआधी काचेच्या केसासारख्या सुईनं आत डीएनए सोडायचा असतो. आम्ही टॉल२ वापरतो, मेडाका माशातली एक उड्या मारणारी डीएनएची पट्टी, ती आपला तुकडा घेऊन जीनोममध्ये कुठेतरी जाऊन बसते. "कुठेतरी" ह्या शब्दावर पुढे येते. साडेअठ्ठावीस डिग्रीला ठेवलं की साधारण चोवीस तासांत हृदय धडधडायला लागतं, आणि हृदयाच्या स्नायूत चालणाऱ्या एमवायएल७ जीनचा स्विच लावलेला असेल तर ते धडधडणारं हृदय हिरवं. कितीही वेळा बघितलं तरी नव्या विद्यार्थ्याला दाखवताना मीच आधी वाकून बघते.

बघायचं कसं तर भ्रूणाला ट्रायकेननं भूल द्यायची, अगारोज नावाच्या कोमट पातळ जेलीत आडवा झोपवायचा, अगारोज गोठलं की तो हलत नाही. ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश वरून, त्यानं जीएफपी ५०७ च्या आसपासचा हिरवा परत देतं, मधला फिल्टर निळा अडवतो आणि फक्त हिरवा कॅमेऱ्यापर्यंत सोडतो. मेलॅनिन आडवं येऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून पाण्यात पीटीयू नावाचं केमिकल घालतो, त्यानं काळा रंग तयारच होत नाही. ज्यांना हेही नको त्यांच्यासाठी २००८ पासून कॅस्पर नावाचा मोठेपणीही आरपार राहणारा मासा आहे. आणि हे सगळं गोव्यात, म्हणजे जूनपासून लेन्सवर बुरशी धरते की काय ह्या धास्तीत, डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू. पूर्वी मर्क्युरी लॅम्प होता तेव्हा तर पावसात लाईट गेली की संपलंच, तो लॅम्प गरम असताना परत लावायचा नसतो, अर्धा तास थंड होऊ द्यावा लागतो, आणि तोवर रात्रभराच्या टाइमलॅप्सला भोक पडलेलं. एलईडी आल्यापासून निदान ते तरी सुटलं.

आता बल्ब आणि पंप. पहिली भानगड वेळेची. जीन चालू झाल्यावर आरएनए, मग प्रोटीन, मग प्रोटीनची घडी, मग ऑक्सिजन घेऊन रंगद्रव्य तयार होणं, म्हणजे हिरवं दिसेपर्यंत जीन चालू होऊन बराच वेळ झालेला असतो. त्याहून वाईट म्हणजे बंद होताना. जीएफपी चिवट आहे, पेशीत त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं नष्ट व्हायला लागणारा वेळ, दिवसभराच्या पुढे जातं, म्हणजे पंप कधीचा बंद झाला तरी बल्ब दुसऱ्या दिवशीपर्यंत मिणमिणतोय. झेब्राफिशच्या पाठीचे मणके ज्यापासून होतात ते सोमाइट नावाचे गट्टू दर तीस मिनिटाला एक जोडी असे पडतात, कारण तिथे काही जीन तीस मिनिटांच्या तालावर चालू-बंद, चालू-बंद होत असतात. तिथे साधं जीएफपी लावलंत तर काय दिसेल? ताल नाही, नुसती सलग हिरवी शेपटी. म्हणून तिथे २०१२ ला लोकांनी एचईआर१ ह्या जीनच्या प्रोटीनलाच व्हीनस हा जीएफपीचा पिवळा प्रकार जोडला, ते प्रोटीन पटकन नष्ट होतं, त्याच्यासोबत व्हीनसही जातो, आणि तेव्हा कुठे एकेका पेशीची लय जिवंत माशात दिसली. दुसरा उपाय म्हणजे उंदराच्या ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज ह्या प्रोटीनची शेपटी जीएफपीला लावायची, ती शेपटी बघून पेशी ते लवकर कापून टाकते, अर्धआयुष्य दोन तासांपर्यंत आणता येतं. पण मग ते साचत नाही, आणि साचत नाही म्हणून दिसतंही मंद. फुकट काही नाही.

दुसरी भानगड म्हणजे न लावलेले बल्ब. भ्रूणाचा पिवळा बलक स्वतःच हिरवट चमकतो. खायला लागलेल्या पिल्लाचं पोट चमकतं. त्वचेतल्या चंदेरी पेशी प्रकाश आरशासारखा परत मारतात, आणि त्यांच्यावर पीटीयूचा काही परिणाम नाही. दरवर्षी नवीन आलेलं कोणीतरी धावत येतं की मॅडम आतड्यात एक्स्प्रेशन आहे, आणि दरवर्षी मी तेच विचारते, जीएफपी न घातलेला साधा मासा बाजूला ठेवून त्याच सेटिंगवर फोटो काढलास का. तो काढला की निम्मं एक्स्प्रेशन गायब. मला विचाराल तर साध्या माशाचा फोटो शेजारी नसेल तर चमकत्या माशाच्या फोटोला भिंतीवर लावण्यापलीकडे किंमत नाही.

तिसरी म्हणजे ते "कुठेतरी". आपण स्विच म्हणून डीएनएचा जो तुकडा उचलतो तो पूर्ण स्विच असेलच असं नाही, जीन चालू करणारे काही तुकडे लाखभर अक्षरं लांबही असतात. वर टॉल२ आपला तुकडा जिथे नेऊन ठेवतं तिथल्या शेजाऱ्यांचं ऐकून तो भलत्याच जागी पेटू शकतो. एकाच डीएनएपासून बनवलेल्या दोन लाइन्स, म्हणजे माशांचे दोन वंश, एकीत फक्त डोळा हिरवा आणि दुसरीत डोळ्याबरोबर कानामागचा एक ठिपका. कुठली खरी? म्हणून वेगवेगळ्या जागी बसलेल्या निदान दोन-तीन लाइन्समध्ये सारखं दिसलं तरच विश्वास ठेवायचा, आणि तरीही एकदा ते जुनं तीन दिवसांचं रंग चढवणं करून ताडून बघायचं. हल्ली क्रिस्पर ह्या डीएनए हवा तिथे कापायच्या तंत्रानं मूळ जीनच्याच जागी नेऊन बसवतात, तेव्हा हा घोळ पुष्कळ कमी होतो, पण झेब्राफिशमध्ये ते अजून कटकटीचं काम आहे.

मासा निदान आरपार तरी आहे. उंदीर नाही. रात्री मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर पंजा घट्ट धरून बघा, टॉर्च पांढरा असतो आणि बोटांतून येतो फक्त लाल. निळा-हिरवा सगळा रक्तातलं हिमोग्लोबिन खाऊन टाकतं, आणि जो उरतो तो मांसात इकडेतिकडे विखुरतो म्हणून बोटातलं हाड काही दिसत नाही. जीएफपीला जायला निळा हवा आणि यायला हिरवा, म्हणजे जाताना मार आणि येतानाही मार. म्हणून उंदरात खोलवर बघायचं तर साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करावं लागतं, त्याच्या अलीकडे रक्त आणि पलीकडे पाणी आडवं येतं. २०११ ला आयआरएफपी नावाचं प्रोटीन आलं, ते जेलीफिशचं नाही, एका बॅक्टेरियाच्या प्रकाश ओळखणाऱ्या प्रोटीनपासून केलेलं, ते ६९० ला प्रकाश घेतं आणि ७१३ ला देतं. त्याला बिलिव्हर्डिन नावाचं रंगद्रव्य लागतं आणि ते शरीरात हिमोग्लोबिनमधलं हीम मोडताना आपोआप तयार होतंच. पण इथेही न लावलेला बल्ब आहेच: उंदराच्या नेहमीच्या खाण्यात अल्फाल्फा म्हणजे लसूणघास असतो, त्यातलं क्लोरोफिल लालमध्ये चमकतं, आणि ट्युमर दिसायच्या ऐवजी उंदराचं जेवण दिसतं! म्हणून इमेजिंगच्या काही दिवस आधी घासाशिवायचं खाणं सुरू करतात.

आणि इथे गंमत म्हणजे काजवा परत येतो. उंदरात खूप लोक फ्लुओरेसन्स सोडून सरळ काजव्याचा उजेड पाडणारा ल्युसिफरेज जीन घालतात, भूल दिलेल्या उंदराला पोटात ल्युसिफेरिनचं, म्हणजे त्या उजेडाच्या इंधनाचं, इंजेक्शन, काळ्या डब्यात ठेवायचा, वर शून्याखाली कित्येक डिग्री थंड केलेला कॅमेरा, आणि दहाएक मिनिटं थांबायचं. बाहेरून प्रकाश टाकायचा नाही म्हणजे बलक नाही, घास नाही, मागचा गोंगाट जवळजवळ शून्य. १९९५ ला स्टॅनफर्डच्या लोकांनी चमकणारे साल्मोनेला बॅक्टेरिया जिवंत उंदराच्या आत कुठे आहेत ते असंच बाहेरून बघितलं होतं. तोटा एवढाच की चित्र धुरकट, यकृतातून येतंय की शेजारून ते मिलिमीटरच्या हिशेबात सांगता येतं, पेशीच्या हिशेबात नाही. तेव्हा पेशी बघायची तर फ्लुओरेसन्स, अख्खा प्राणी बघायचा तर काजवा, असं मी आतेला सांगितलं. तिनं विचारलं, मग उंदीर मरत नाही ना. नाही मरत, आणि मला ह्या सगळ्यातलं तेच सर्वात मोठं वाटतं, तोच उंदीर आज, परवा, पुढच्या आठवड्यात परत डब्यात बसतो, तोच स्वतःचा कंट्रोल, म्हणजे तुलना त्याची त्याच्याशीच, दरवेळी नवी बॅच मारायला नको. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये प्राण्यांची संख्या का लागते त्याचं कारण लिहायची एक जागा असते, तिथे हे लिहायला बरं वाटतं.

पंपच थेट बघता येतो का? थोडासा येतो. एमएस२ ह्या व्हायरसच्या आरएनएमधले वळसे आपल्या जीनला जोडायचे आणि ते वळसे पकडणाऱ्या प्रोटीनला जीएफपी लावायचं, मग जीन वाचला जात असताना तिथल्या तिथे पेशीच्या केंद्रात एक ठिपका पेटतो आणि वाचन थांबलं की काही मिनिटांत विझतो. २०१३ ला फळमाशीच्या भ्रूणात हे केलं गेलं आणि पुढच्या वर्षी दिसलं की जीन नळासारखा सलग वाहत नाही, झटक्या-झटक्यानं चालतो. ते व्हिडिओ बघून मला आमच्या रात्रभराच्या गुळगुळीत हिरव्या आलेखांचा थोडा रागच आला होता.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो असा. नवीन लाइनसाठी सरांना नेहमीचं जीएफपी हवंय, कारण आमचा कॅमेरा जुना, मंद काही पकडत नाही, आणि एक्स्पोजर वाढवलं की निळ्या प्रकाशानं भ्रूणच आजारी पडतो. मला शेपटीवालं दोन तासांचं हवंय, कारण आमचा प्रश्नच जीन बंद कधी होतो हा आहे, आणि दिवसभर टिकणारं प्रोटीन त्याचं उत्तर देऊच शकत नाही, कितीही छान दिसलं तरी. शेवटी दोन्ही इंजेक्ट केली. पिल्लं आता नर्सरीच्या टाक्यांत आहेत, मोठी होऊन अंडी द्यायला तीन महिने लागतील, तोवर सर लाइटशीटवाल्या मायक्रोस्कोपसाठी कुठे वेळ मिळतो का ते बघतायत, तो बाजूनं प्रकाशाचा पातळ पापुद्रा टाकतो त्यामुळे मासा तितका भाजत नाही, म्हणजे माझी मंदवालीही कदाचित दिसेल. शेपटीवाल्या टाकीवर मी निळी टेप लावलीये आणि तिला खायला मीच घालते.